मोठा लॅपटॉप वापरणाऱ्यांनो, तुमचे अनुभव सांगा

फोंडा

माझं काम मराठी पुस्तकं, स्मरणिका आणि लग्नपत्रिका यांच्या अक्षरजुळणीचं. दिवसा फोंड्याच्या बाजारात दुकान, रात्री सावईवेऱ्याला घर. २०२१ पर्यंत दोन्हीकडे वेगवेगळे संगणक होते आणि फाइल पेनड्राइव्हवरून इकडची तिकडे न्यायचो. एका देवस्थानच्या स्मरणिकेत जुनी फाइल छापायला गेली. देणगीदारांच्या यादीत मी दुरुस्त केलेली नावं पुन्हा चुकीचीच छापून आली. चार पानं नव्याने छापून घेतली, त्याचा खर्च सोसला. पण त्या लोकांच्या घरी जाऊन माफी मागताना जे वाटलं ते अजून विसरलेलो नाही. तेव्हाच ठरवलं, यंत्र एकच ठेवायचं आणि तेच दोन्हीकडे न्यायचं.

घेतला तो १७.३ इंची. लॅपटॉप २.९ किलो, चार्जरचा ठोकळा पाऊण किलो, किंमत १ लाख १८ हजार. एवढा मोठा का, ते सांगतो. १७.३ इंची स्क्रीन साधारण ३८ सेंटिमीटर रुंद आणि साडेएकवीस सेंटिमीटर उंच असते. ए-५ आकाराची दोन पानं तिच्यावर शेजारी शेजारी, खऱ्या मापात मावतात. १५.६ इंचीवर उंची साडेएकोणीसच्या आत येते, म्हणजे तळाच्या दोन-तीन ओळी कायम खाली दडलेल्या. पुस्तक जुळवणाऱ्याचं लक्ष पानाच्या तळाशीच असतं. परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानावर गेली की पान बिघडतं, आणि ते दोन पानं एकत्र बघितल्याशिवाय कळत नाही.

चार वर्षांत रॅम ८ ची ३२ केली, दुसरी एसएसडी बसवली, पंखा दोनदा साफ करून घेतला. एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. घरी चार्जर लावून काम करताना मनगट लॅपटॉपच्या कळांखालच्या धातूच्या पट्टीला टेकलं की बारीक झिणझिण्या येतात. पाऊस असो वा ऊन, रोज येतात. दुकानात हाच लॅपटॉप, हाच चार्जर, पण काही होत नाही.

तुम्ही कुठल्या कामासाठी घेतलात, पाठीवर वागवता का, पावसाळ्यात काय काळजी घेता, आणि पुन्हा घ्यायचा झाला तर मोठाच घ्याल का, ते सविस्तर लिहा. माझा एक भाचा यंदा घेणार आहे, त्यालाही वाचायला देईन.

पेडणे

मी इमारतींचे आराखडे करतो. मला मोठ्या लॅपटॉपचं सर्वात मोठं सुख म्हणजे उजवीकडची आकड्यांची कळपट्टी. दिवसभर मापं टाकायची असतात, वरच्या रांगेतले आकडे दाबत बसलं तर काम दुप्पट वेळ खातं. साइटवर मात्र नेत नाही. तिथे कागद आणि मोबाइल पुरतो.

वाळपई

मी प्राथमिक शाळेत शिकवते. लॅपटॉप माझा नाही, मुलाचा आहे, पण कर्ज माझ्या नावावर आहे म्हणून लिहिते. मुलगा फर्मागुढीला इंजिनिअरिंग करतो. पहिल्या वर्षी त्याने १७ इंचीच हवा म्हणून हट्ट धरला. गेम खेळायला हवा असणार असं मला वाटलं होतं. खेळतोही, पण त्रिमितीय रेखाटनाचं सॉफ्टवेअर त्याच्यावर किती सहज फिरतं ते त्याने मला बसवून दाखवलं. मग मी सोसायटीचं कर्ज काढलं.

सांगायचं आहे ते बॅटरीबद्दल. हॉस्टेलवर तो चोवीस तास चार्जरला जोडलेला असायचा. दीड वर्षाने चवथीला घरी आला तेव्हा म्हणाला, "आई, टचपॅड दाबला जात नाही गो." आधी वाटलं, खाली काही सांडलं असेल. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधून झाल्यावर सोप्यावर उजेडात नीट बघितलं. लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नव्हता, एका कोपऱ्याशी डुगडुगत होता. बाजूने पाहिलं तर खालचं झाकण आणि वरचा भाग यांच्यामध्ये नखाएवढी फट. टचपॅड खालून फुगून वर आला होता. आत बॅटरी फुगली होती. मी लगेच बंद करायला लावला, चार्जर काढला आणि टेबलावरून उचलून बाहेर फरशीवर ठेवला. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, आणि ती चार्ज करून बघायचा मोह तर मुळीच करायचा नाही. पेट घेऊ शकते.

नवी बॅटरी यायला तीन आठवडे गेले. बसवणाऱ्याने सांगितलं की लॅपटॉप सतत जोडूनच वापरायचा असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंगमध्ये असते. ती पहिल्या दिवसापासून होती, आम्हाला माहीत नव्हती. घेतल्या दिवशीच ती चालू करा, एवढंच सगळ्या आईबापांना सांगते.

आणि वजन. शनिवारी तो कदंबाच्या बसने उभा राहून येतो, पाठीवर चार किलो. छातीवर बांधायचा पट्टा असलेली बॅग घेतल्यापासून खांदे दुखत नाहीत म्हणतो.

वास्को

जहाजावर इंजिन विभागात आहे, एका खेपेला सहा महिने. माझ्यासाठी मोठा लॅपटॉप म्हणजे केबिनमधला टीव्ही, अभ्यासाचं टेबल आणि घरच्यांशी बोलायची खिडकी. जहाजावरच्या इंजिनिअरच्या क्लास टू परीक्षेचा सगळा अभ्यास मी त्याच्यावर केला. एका अर्ध्यात आकृती आणि दुसऱ्या अर्ध्यात टिपणं असल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरत नाही.

विमानप्रवासाबद्दल भाच्याला सांगा. बॅटरी १०० वॉट-अवरच्या वर गेली की विमान कंपनीची परवानगी लागते, म्हणून मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९ च्या आसपास येऊन थांबते. माझ्या बॅटरीवर ९० छापलं आहे. दाबोळी असो वा मोपा, सुरक्षा तपासणीत बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो. हातातल्या सामानाला ७ किलोची मर्यादा, त्यात लॅपटॉप आणि २८० वॉटचा चार्जर मिळून चार किलो इथेच संपतात. उरलेल्या तीन किलोत आईने दिलेली सोलं आणि लोणचं बसवायचं. चेक-इनच्या बॅगेत लॅपटॉप टाकायचा विचारही करू नका.

जहाजावरची वीज आमच्याकडे २२० व्होल्ट पण ६० हर्ट्झ असते. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट आणि ५०-६० हर्ट्झ असं छापलेलं असेल तर काळजी नाही. समुद्र खवळला की लॅपटॉप टेबलावरून सरकतो, म्हणून खाली रबरी जाळीची चटई. २०२२ मध्ये ती विसरलो आणि वाकून पकडताना स्क्रीनच्या कोपऱ्याला धक्का बसला, तिथे अजून एक पांढरी रेघ दिसते.

दिवाडी

पावसात रोज सकाळ-संध्याकाळ फेरीबोट. बॅगेच्या कव्हरवर विसंबू नका. लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत. पण कचेरीत पोचल्यावर पिशवीतून लगेच काढा, नाहीतर आत घाम धरतो.

डिचोली

मी नाटकांना ध्वनी देतो. हौशी मंडळींची, राज्य स्पर्धेतली, देवळाच्या उत्सवातलीही. पूर्वी सीडी आणि दोन प्लेअर घेऊन बसायचो. आता विंगेत एक मोठा लॅपटॉप, सगळे तुकडे ओळीने लावलेले. मोठी स्क्रीन यासाठी, की अंधारात चार फुटांवरून पुढच्या तुकड्याचं नाव वाचता आलं पाहिजे. चष्मा शोधायला वेळ नसतो.

दोन गोष्टी शिकलो, दोन्ही प्रयोग चालू असतानाच. पहिली, पंख्याचा आवाज. नायिका पत्र वाचते आणि मिनिटभर कोणीच बोलत नाही असा प्रवेश होता. नेमका तेव्हाच लॅपटॉपचा पंखा सुटला. तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेला. त्या मुलीने दोन महिने त्या शांततेची तालीम केली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता प्रयोगाआधी ग्राफिक्स कार्ड बंद, कामगिरी सर्वात शांत मोडवर, वायफाय बंद, अपडेट थांबवलेले. आवाज वाजवायला लॅपटॉपला फार ताकद लागतच नाही.

दुसरी गोष्ट, चार्जर लावला की स्पीकरमधून येणारी घूंऽऽ. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डात आणि आवाजाचा मिक्सर दुसऱ्या बोर्डात असला की दोन्हींच्या अर्थिंगमधून एक फेरा तयार होतो आणि तीच घरघर ऐकू येते. चार्जर काढून बघा, घरघर जागच्या जागी थांबते. बॅटरीवर दोन अंक सहज निघतात. लांबचा प्रयोग असेल तर मी लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स, म्हणजे तो फेरा तोडणारी छोटी पेटी, घालतो. काहीजण चार्जरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. कृपा करून ते करू नका, ती पिन जीव वाचवायला असते.

मडगाव

माझं मत वेगळं आहे. मी लग्नाच्या व्हिडिओंचं संकलन करतो. २०२३ मध्ये दोन लाखांच्या वर घालून १७ इंची घेतला, दीड वर्षात विकला. मी ग्राफिक्स कार्डाच्या नावावर गेलो, हीच चूक झाली. लॅपटॉपमधलं कार्ड आणि डेस्कटॉपमधलं कार्ड यांचं नाव एक असलं तरी वस्तू एक नसते. आरटीएक्स ४०९० हे कार्ड डेस्कटॉपमध्ये २४ जीबी मेमरीचं आणि ४५० वॉट खाणारं, लॅपटॉपमध्ये १६ जीबीचं आणि फार तर १७५ वॉटचं. ४०७० चं तसंच, तिथे १२ आणि इथे ८. शिवाय दोन लॅपटॉपमध्ये एकच कार्ड असलं तरी एकाला कंपनीने ७० वॉट दिलेले असतात, दुसऱ्याला १४०. दुकानातल्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं. मॉडेलच्या माहितीपत्रकात कार्डापुढचा वॉटचा आकडा शोधून वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये आमच्या माडीवर खोली दुपारी ३४-३५ अंश असते. तासाभराची फिल्म रेंडर करताना प्रोसेसर ९५ च्या वर जाऊन स्वतःच वेग कमी करायचा. एसी लावला तरच काम वेळेत. मग ठरवलं, बसून करायचं काम डेस्कटॉपवर आणि फिरतीला साधा १४ इंची. दोन्ही मिळून मला त्याच पैशांत पडले. फोंड्याच्या भाऊंसारखं रोज दोन जागी तेच काम करायचं असेल तर मोठा लॅपटॉप घ्यावा. एकाच खुर्चीत बसणाऱ्याने घेऊ नये.

पणजी

मी निवृत्त आहे, वय ७१. जुन्या कागदपत्रांवरून गावांच्या इतिहासाची टिपणे काढतो. डाव्या डोळ्याने कमी दिसते. घरात संगणकासाठी वेगळे टेबल मांडायला जागा नाही, जेवणाच्या टेबलावरच बसतो आणि जेवायच्या वेळी उचलून कपाटात ठेवतो. उचलता येईल असे मोठे यंत्र मला हवे होते.

माझी स्क्रीन १७ इंची आणि फोर-के आहे. आरंभी अक्षरे मुंगीएवढी दिसली, मुलीने २०० टक्क्यांवर नेऊन दिली. त्यानंतर जे पाहिले ते लिहिण्यासारखे आहे. जुन्या स्क्रीनवर मराठीतला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळायचे. 'वर्णं' की 'वर्ण' हे कळायला वाकावे लागे. आता 'ष्ट्य' सारखे जोडाक्षरही ताठ बसून वाचता येते. पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मी घेऊन जात नाही, तिथे वही नेतो. घरी आल्यावर उजवीकडे कागदाचे छायाचित्र आणि डावीकडे माझे टंकन. रोज तीन तास बसू शकतो. मागच्या वर्षी एक तास बसवत नव्हते.

म्हापसा

दुरुस्तीचं काम करतो, सतरा वर्षं झाली. वर फोंड्याच्या भाऊंनी झिणझिण्यांचं लिहिलंय त्याचं आधी सांगतो. लॅपटॉप बिघडलेला नाही. चार्जरच्या आत विजेतली गडबड गाळायला कपॅसिटर नावाचे भाग असतात, त्यातून अगदी थोडा प्रवाह अर्थिंगकडे जात राहतो. घरात अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत उतरतो, नसेल तर धातूवर राहतो आणि तुमच्या मनगटाला लागतो. तेवढ्याने काही होत नाही, पण तुमच्या घरचं अर्थिंग तुटलेलं आहे हे तो सांगतोय, आणि त्याच घरात गिझर आणि मिक्सरही आहे. वायरमनला बोलवा, आजच.

बाकी मोठ्या लॅपटॉपमध्ये माझ्याकडे सगळ्यात जास्त येते ती तुटलेली बिजागरी. स्क्रीन मोठी आणि जड, आणि माणूस एका हाताने उजवा कोपरा धरून उघडतो. सगळा पीळ एकाच बिजागरीवर. आत ती प्लास्टिकमध्ये रोवलेल्या पितळी नटांवर बसवलेली असते, प्लास्टिक तडकतं आणि नट उपटून येतात. मधोमध धरून उघडायची सवय लावा.

दुसरं, किनाऱ्याजवळची घरं. कळंगुट, हणजूण, मोरजी इथून येणाऱ्या यंत्रांच्या यूएसबीच्या तोंडाशी हिरवट बुरशीसारखं दिसतं, ती बुरशी नसते, खारट हवेने धातू खाल्लेला असतो. पावसाळ्यात महिनाभर बंद ठेवलेला लॅपटॉप रोज वापरलेल्यापेक्षा लवकर बिघडतो. रोज तासभर चालू ठेवा, आतल्या उबेने ओल सुकते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. पंख्याच्या जाळीत मी पालीची अंडी काढलेली आहेत, म्हणून मागची जाळी भिंतीला चिकटवून ठेवू नका.

प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेली पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलावी. पण आत द्रवरूप धातूची (लिक्विड मेटल) पेस्ट असेल तर घरी उघडू नका. ती वाहते आणि बोर्डावर शॉर्ट करते.

फोंडा

म्हापशाच्या दादांचं वाचून दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावलं. घर जुनं, चिऱ्यांचं, वायरिंग वडिलांच्या वेळचं. त्याने मीटर लावला. फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यायला हवे होते, ९० आले. मागच्या दारी खणलं तर अर्थिंगची पट्टी गंजून मातीतच तुटली होती. नवी पट्टी, नवा खड्डा, कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा म्हणाला.

वाळपईच्या बाईंचं वाचून ८० टक्क्यांचं सेटिंगही केलं. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून चारी कोपरे दाबून बघितले, डुगडुगत नाही. भाच्याला मडगावकरांचा मजकूर वाचायला दिला आहे. तो आता दुकानात जाऊन वॉटचा आकडा विचारतो आणि तिथली मुलं आत जाऊन पत्रक शोधून आणतात.

हे सगळं सावईवेऱ्याला बसून लिहितोय, चार्जर लावलेला आहे आणि दोन्ही मनगटं पट्टीवर टेकलेली आहेत. पणजीच्या काकांना एक विचारायचं होतं: फोर-के स्क्रीनवर बॅटरी किती वेळ टिकते? पुढचा घेईन तेव्हा रफारासाठी तोच घ्यावा म्हणतो.