कर्करोगाच्या उपचारांचा खर्च: ठाऊक असेल ते नेमकं लिहा

सुरंगी
परवा कुणीतरी लिहिलं होतं, बहिणीच्या किमोसाठी शेत गहाण टाकलं म्हणून. जुनं सगळं वर आलं. पैसे भरून झाल्यावर योजना कळते आणि भरलेलं परत मिळत नाही, याचं सगळ्यात वाईट वाटतं. म्हणून हा धागा. कुठला कागद, कुठल्या खिडकीवर, कधी, एवढंच लिहा.

सुरुवात मी करते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रुग्णालयात शिरलात की कॅश काउंटरच्या आधी आरोग्यमित्राचं (योजनेचा तिथला माणूस) टेबल गाठा. सोबत बायॉप्सी रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार. पूर्वमंजुरी आली की मग उपचार. घोडं अडतं ते रेशनकार्डावर. सुनेचं नावच चढवलेलं नसतं, नाहीतर कार्ड ऑनलाइन नसतं आणि १२ अंकी नंबर मिळत नाही. हे काम तहसीलातलं, त्याला दिवस जातात. शंका आली त्याच दिवशी घरातल्या एकाला त्यामागे लावा.

मनीमाऊ
नाव चढवायला माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, तो आधी आणा गं. बाकी रात्री लिहिते, दूध ठेवलंय गॅसवर.

गोदाकाठ
सुरंगीताई, +१. रुग्णालय योजनेत आहे का, एवढं विचारून थांबू नका. ऑपरेशन, किमो, रेडिएशन तिन्हींसाठी अंगीकृत (योजनेत मान्य) आहे का ते विचारा. नाहीतर ऑपरेशन योजनेत आणि रेडिएशनचा शेक दुसऱ्या गावी रोखीनं. लिहून दिलेलं औषध पॅकेजच्या यादीत आहे का हेही पाहा. नसेल तर यादीतलं चालेल का ते डॉक्टरांनाच विचारा, मेडिकलवाल्याला नाही. योजनेत असूनही पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ ला फोन लावा.

वऱ्हाडी_मुलगा
मुंबईला टाटा कॅन्सर रुग्णालयात कोण गेलंय? नागपूरहून गाडी कुठली बरी? मावशीला बसवत नाही फार वेळ.

कुंभारवाडा
विदर्भ एक्स्प्रेस, दादरला उतरा. तिकीट ऑनलाइन काढू नका रे. रुग्णालयाकडून रेल्वे सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यानिशी घ्या आणि आरक्षण खिडकीवर द्या. स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला पूर्ण माफी, सोबतच्या एकाला ७५ टक्के. टू एसीत दोघांनाही ५० टक्केच, म्हणून थ्री एसीच घे. पहिल्या फेरीला नागपूरच्या रुग्णालयातून लिहून घे, परतीचा टाटातून. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन. दोन्हीकडे जागेची चौकशी आधी कर. रुग्णच लहान मूल असेल तर राहायला सेंट ज्यूड्सची केंद्रं.

वऱ्हाडी_मुलगा
लई आभार दादा 🙏

मनीमाऊ
आले. वऱ्हाडी, मावशीच्या बायॉप्सीचा नुसता रिपोर्ट नेऊ नकोस हं. आधीच्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक, दोन्ही सही करून घे. तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघतात. ब्लॉक नसला की पुन्हा बायॉप्सी, पुन्हा पैसे, आठवडा वर. पेट स्कॅनची सीडीही घे. फाईल काढताना जनरल की प्रायव्हेट विचारतात. डॉक्टर तेच, दरांत मात्र फार फरक. झेपणार नसेल तर जनरलच काढ, आणि पैसे संपायची वाट न बघता समाजसेवा विभागात जा. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या मदतीसारखे अर्ज तिथूनच मार्गी लागतात.

रानजाई
हर-टू पॉझिटिव्ह (स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार) वाल्यांसाठी कुणी लिहा ना. वर्षभर इंजेक्शनं म्हणतात. आकडा ऐकूनच धीर सुटतो.

औषधांचा_माणूस
रानजाई, धीर सोडू नका, इथे खरंच वाचतं. ती इंजेक्शनं ट्रास्टुझुमॅबची. त्याचं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीचं) भारतात बनतं, मूळ ब्रँडपेक्षा बरंच स्वस्त. छापील किमतीला घेऊ नका, दोन-तीन ठिकाणी भाव काढा, पण पक्कं बिल आणि बॅच नंबर हवाच.

आता हिशेब. वजन ६० किलो धरा. पहिला डोस किलोला ८ मिग्रॅ म्हणजे ४८०, पुढे दर तीन आठवड्यांनी ६ प्रमाणे ३६०. बाटली ४४० ची, म्हणजे ३६० च्या डोसाला ८० उरतात आणि बऱ्याच ठिकाणी टाकून देतात. खोक्यात बॅक्टेरिओस्टॅटिक (जंतू वाढू न देणारं) पाणी असेल तर त्यात विरघळवलेलं औषध २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकतं. पुढचा डोस २१ व्या दिवशी, तेव्हा उरलेलं चालतं. ३६० च्या सहा डोसांना पाच बाटल्या पुरतात. बाटली डे केअरच्याच (जिथे इंजेक्शन देतात तो विभाग) फ्रिजमध्ये, नाव-तारीख-वेळ लिहून. घरी नेऊ नका. फ्रीझरला चिकटून गोठली की वाया. साध्या इंजेक्शनच्या पाण्यात विरघळवलं असेल तर उरलेलं ठेवायचं नाही. १५० ची बाटली एकदाच वापरायची. त्या बॅक्टेरिओस्टॅटिक पाण्यातल्या बेंझिल अल्कोहोलची ॲलर्जी असेल तरी हा मार्ग बंद. पहिल्या डोसाआधीच सिस्टरांशी बोला.

रानजाई
हे कुणीच सांगत नाही हो! प्रिंट काढून ठेवते.

चिंचपोकळी
मेडिक्लेमवाल्यांनो, खोलीभाड्याची मर्यादा बघा. पॉलिसीत ५,००० आणि खोली ८,००० ची घेतलीत तर नुसते वरचे ३,००० जात नाहीत. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळं ५/८ नं कापतात. १,६०,००० चे १,००,००० मिळतात, ६० हजार खिशातून. तोंडी किमोच्या गोळ्यांना वेगळी मर्यादा असते, तीही वाचा.

गोदाकाठ
धर्मादाय रुग्णालयं राहिली. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत (उत्पन्न वर्षाला १,८०,००० पर्यंत), १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत (३,६०,००० पर्यंत). तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ॲडमिशनच्या वेळीच द्या, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

चिंचपोकळी
आणि पगार बंद होतो त्याचं काय? पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जात असेल तर कर्करोगाला विस्तारित आजारपण लाभ आहे, रोजंदारीच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. त्याआधी दोन वर्षं सलग विमाधारक असावं लागतं. म्हणून रजा संपली की लगेच राजीनामा देऊ नका, आधी ईएसआयच्या शाखेत जाऊन विचारा.