मदत हवी आहे: अप्रोच चार्टवर डीएमई मध्येच उलटा वाढतो

दिशाहीन_ढग
इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (फक्त उपकरणांवर विमान उडवण्याच्या परवानगीची) परीक्षा तोंडावर आहे, कृपया लवकर सांगा. धावपट्टीकडे उतरण्याच्या चार्टवर, प्रोफाइलमध्ये (बाजूने दाखवलेल्या उताराच्या चित्रात), डीएमईचे, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनपासूनच्या अंतराचे, आकडे उतरत येतात आणि मग पुन्हा वाढायला लागतात. सिम्युलेटरवर शून्य आलं तरी धावपट्टी नाही, खाली टेकडी. चार्ट चुकलाय का? तक्रार कुठे करायची?

रेघोट्या
कुठला अप्रोच? चार्ट कुणाचा, आवृत्ती कोणत्या तारखेची? काहीच न सांगता चार्ट चुकला कसं म्हणता?

नभचर
कागद सोडा, टॅब घ्या. आपलं विमान चार्टवरच सरकताना दिसतं, प्रश्नच मिटतो.

जुना_कंपास
@नभचर, नाही मिटत. काली, कोलंबिया, डिसेंबर १९९५. चार्टवर रोझो या रेडिओ बीकनची खूण 'आर'. एफएमएसमध्ये (विमानाच्या मार्ग-संगणकात) 'आर' टाकल्यावर निवडला गेला बोगोटाजवळचा रोमिओ बीकन. विमान डावीकडे वळलं, डोंगरावर आदळलं, १५९ माणसं गेली. चार्ट आणि डेटाबेस ताडून पाहावेच लागतात.

दिशाहीन_ढग
आयएलएस (रेडिओ लहरींवर उतरायची यंत्रणा) आहे हो, पण उताराचा कोन दाखवणारा ग्लाइडस्लोप बंद धरलाय, म्हणजे फक्त धावपट्टीची रेषा दाखवणारा लोकलायझर. आता तरी सांगा.

शिडीवाला
अवांतर: उंचीच्या आकड्याखाली रेघ असेल तर त्याखाली जायचं नाही. वर रेघ असेल तर त्याच्या वर नाही. दोन्हीकडे असेल तर नेमकी तीच उंची.

जुना_कंपास
हे त्यांनी विचारलेलंच नाही.
धागाकर्ते, डीएमई कुठल्या स्टेशनचा आहे ते बघा. आकड्याशेजारी बारीक टायपात आयडेंट (स्टेशनची ओळख-अक्षरं) असतो. गुआमला ६ ऑगस्ट १९९७ रोजी अशीच मांडणी होती: ग्लाइडस्लोप बंद, आणि डीएमई धावपट्टीपाशी नव्हे, तर ३.३ मैल अलीकडे टेकडीवर असलेल्या व्हीओआरवर (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ स्टेशनवर). कोरियन एअर ८०१ त्याच टेकडीवर आदळलं. २२८ मृत्यू.

रेघोट्या
चार्ट बरोबर होता. चौकशीत मुख्य बोट कॅप्टनच्या अपुऱ्या ब्रीफिंगवर आणि अप्रोच नीट न उडवण्यावर ठेवलं गेलं. उगाच चार्टवर ढकलू नका.

जुना_कंपास
ब्रीफिंगचं मान्य. पण त्याच चौकशीत कॅप्टनचा थकवाही नोंदवलाय. मध्यरात्र उलटलेली, बाहेर पाऊस, आणि शून्याला धावपट्टी असते ही वर्षांची सवय. जिथे ती सवय मोडायची आहे, तिथेच ती सूचना सगळ्यात बारीक अक्षरांत का छापायची? माझा राग त्यावर आहे. बरोबर असणं आणि अंधुक उजेडात वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नभचर
टॅबवर झूम करता येतं, एवढंच म्हणतो.

दिशाहीन_ढग
आयडेंट व्हीओआरचाच आहे, आणि तो धावपट्टीच्या अलीकडे. म्हणजे तो ओलांडेपर्यंत मिनिममला (चार्टवरच्या सगळ्यात खालच्या उंचीला) उतरायचं नाही ना? आणि मिस्ड अप्रोच पॉइंट (धावपट्टी दिसली नाही तर जिथून पुन्हा वर जायचं ती जागा) डीएमईवर धरू की वेळेवर?

रेघोट्या
पहिल्याचं उत्तर स्टेपडाउनच्या (टप्प्याटप्प्याने उतरण्याच्या) उंचीवर अवलंबून. व्हीओआरपाशी कोणता आकडा छापलाय? आणि खालच्या पट्टीत मिस्ड अप्रोच पॉइंटची व्याख्या काय दिलीय? दोन्ही इथे टाका, मग बोलू.