शॉक वेव्हची दोन सिटिंग झाली, खडा तसाच. चूक कुणाची?

खडेश्वर:
माझ्या डाव्या किडनीत १३ मिमीचा खडा, शॉक वेव्हने फोडू म्हणाले, कापाकापी नाही, त्याच दिवशी घरी. दोन सिटिंग झाली आणि परवाच्या सोनोग्राफीत खडा जिथल्या तिथे, म्हणे थोडा कोपरा उडालाय. माझ्या साडूचा १४चा होता तो एका सिटिंगमध्ये भुगा होऊन गेला पण, आणि आता प्रत्येक फोनला तेच ऐकवतो. मशीन जुनं होतं का डॉक्टरांचा नेम चुकला? आता दुर्बिणीने लेझर करू म्हणतायत, पण ते पण फेल गेलं तर?

रात्रपाळी:
काही वर्षं याच मशीनवर टेक्निशियन होतो, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. सगळे मिमीच विचारतात पण १३ आणि १४ने फार काही कळत नाही हो. सीटी झाला असेल तर त्यात एचयू नावाचा आकडा बघा, खडा किती घट्ट आहे ते त्यावरून कळतं. १०००च्या वर गेला की शॉक वेव्हला खडा फारशी दाद देत नाही. दुसरं म्हणजे खडा कुठल्या कप्प्यात आहे. खालच्या कप्प्यातला फुटला तरी तुकडे तिथेच पडून राहतात, बाहेर यायला वर चढावं लागतं ना त्यांना, आणि त्या कप्प्याचं तोंड अरुंद असेल तर बघायलाच नको. तिसरं, कातडीपासून खड्यापर्यंतचं अंतर. १० सेमीच्या पुढे गेलं की धक्क्याचा जोर वाटेतच मरतो.
मशीनचा आणि माणसाचा वाटा असतोच, नाही म्हणत नाही. मिनिटाला १२० ऐवजी ६० धक्के दिले तर खडा चांगला फुटतो, पण वेळ दुप्पट लागतो आणि बाहेर पाच पेशंट ताटकळत असले की... असो. जेलमध्ये हवेचे बुडबुडे राहिले तरी जोर कमी होतो. पेशंट दुखतंय म्हणून हलला की नेम गेला.

स्टेंटग्रस्त:
माझं दुर्बिणीने झालंय, कापलं कुठेच नाही, लघवीच्या वाटेनेच आत जातात. ऑपरेशनच्या आधी लघवीच्या कल्चरमध्ये इन्फेक्शन निघालं म्हणून तारीख पुढे ढकलली, मी जाम वैतागलो होतो, सुट्टी टाकून बसलेलो. नंतर कळलं की इन्फेक्शन असताना आत पाण्याचा दाब दिला तर जंतू रक्तात जाऊ शकतात आणि मग जिवावर बेततं. डायबेटिस असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.
आणि नंतर आत स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत बारीक नळी, ठेवतात त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. दर अर्ध्या तासाला लघवी, लाल रंग, कंबरेत कळ. ऑपरेशन फसलं असंच वाटलेलं मला. काढल्यावर दोन दिवसात सगळं शांत. फक्त काढायची तारीख विसरू नका, महिनोन्महिने राहिला तर त्याच्यावरच खडे चढतात!!

खडेश्वर:
@रात्रपाळी रिपोर्ट काढला कपाटातून. खालचा कप्पा, एचयू १२८०, अंतर ११.५ सेमी. म्हणजे तिन्ही उलटेच पडलेत की! मग आधी शॉक वेव्ह केलंच कशाला, आधीच लिहिलेलं होतं ना यात?

रात्रपाळी:
केलं ते अगदीच चुकीचं नाही म्हणणार, भूल नको, आत काही घालायचं नाही म्हणून बरेच पेशंट स्वतःच तेच मागतात. पण फुटण्याची शक्यता कमी आहे हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तिसऱ्या सिटिंगला बसू नका असं माझं मत, डॉक्टरांना हे तीन आकडे दाखवून सरळ विचारा. लेझरला घट्ट खड्याचं वावडं नाही, तरी खालच्या कप्प्यात दुर्बीण किती वाकते त्यावर आहे आणि तिथे करणाऱ्याचा हात मात्र खरंच मोजला जातो. खडा २० मिमीच्या वर असता तर पाठीतून छोटं भोक पाडून काढायचं म्हणाले असते.

पाणीपाणी:
निघालेला तुकडा तपासायला द्याच, फेकू नका. युरिक ॲसिडचा असेल तर तो मऊ असतो, कधीकधी लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधाने विरघळतो सुद्धा. साडूचा तसलाच असेल कदाचित. आणि दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्या, अडीच लिटर पाणी नव्हे, लघवी. नाहीतर आज साफ झालं तरी काही वर्षांनी परत इथेच धागा काढाल.

खडेश्वर:
साडूला गाऊट आहे!!! युरिक ॲसिडच्या गोळ्या चालू आहेत त्याच्या. आत्ता फोन करतो त्याला. सोमवारी कल्चर देतोय, स्टेंट काढायची तारीख बायकोच्या मोबाईलमध्ये टाकायची असं ठरलंय, माझ्यावर भरवसा नाही.