घरात गोवर, जाऊबाई मिरजेत बाळंत: भेटायला जावं का?

तासगावची सून: थोरलीला ताप होता, काल कानामागून पुरळ उठलं. डॉक्टर गोवर म्हणाले. जाऊबाई मिरजेत बाळंत झाल्यात. सासूबाई म्हणतात, पोरीला घरी ठेवू, आपण दोघी डिंकाचे लाडू देऊन येऊ. मला लहानपणी लस दिली का, आईला आठवत नाही. जावं का?

वॉर्डातली सिस्टर: ताई, तुम्ही जाऊ नका, हात जोडून सांगते. गोवर हवेतून पसरतो. रुग्ण खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच माणूस लागण देतो, म्हणजे आज तुम्ही ठणठणीत दिसलात तरी भरवसा नाही. तीन आठवडे थांबा. नवजात बाळाला लस नऊ महिन्यांनंतरच मिळते.

मुख्य प्रश्न वेगळाच आहे. या चार-पाच दिवसांत जाऊबाई तुमच्याच घरात होत्या का? असतील तर प्रसूतीच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा. संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत बाळाला इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देता येतं.

लेकीला पुन्हा दाखवायला नेताना आधी कळवा, मास्क लावा, बाकड्यावर रांगेत बसवू नका. जीवनसत्त्व ‘अ’चे दोन डोस विचारा.

पलूसकर: सासूबाईंना गोवर होऊन गेलाय का? मग सहसा पुन्हा होत नाही. तरी डॉक्टरांना विचारूनच पाठवा.

तासगावची सून: जाऊबाई परवापर्यंत इथंच होत्या. फोन लावतेय.