प्रति: मशीन लर्निंग आलं, आता कंट्रोल चार्ट बाद?

बाद वगैरे काही नाही हो. कंट्रोल चार्ट म्हणजे प्रक्रियेतलं एखादं माप ठरलेल्या लिमिटबाहेर गेलं की अलार्म देणारा आलेख. तो काढणाऱ्या शूहार्टचा १९२४ चा चार्ट एका मापासाठी अजूनही झकास चालतो, लिमिट सरासरीपासून ३ सिग्मावर (सिग्मा म्हणजे मापातल्या नेहमीच्या चढउताराचं परिमाण) ठेवली तर खोटा अलार्म ३७० रीडिंगमागे साधारण एक. गोची होते ती ५० सेन्सर असले की, प्रत्येकाला वेगळा चार्ट लावला तर सगळं सुरळीत असतानाही दर वेळी कुठेतरी अलार्म वाजायची शक्यता १२-१३ टक्के (सेन्सर एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर), मग ऑपरेटर बघणंच सोडतो. तिथे ऑटोएनकोडर (सगळ्या सेन्सरचा डेटा आकसून पुन्हा तसाच उभा करायला शिकणारं मशीन लर्निंग मॉडेल) फक्त चांगल्या डेटावर ट्रेन करायचा आणि त्याच्या एररचाच, म्हणजे खऱ्या आणि उभ्या केलेल्या डेटातल्या फरकाचाच, एक चार्ट लावायचा, म्हणजे शेवटी परत चार्टच 😀 फक्त लिमिट ट्रेनिंग डेटावरून ठरवू नका, वेगळा चांगला डेटा ठेवा, नाहीतर लिमिट फारच टाइट बसते.