जुने टर्नर सीएनसीवर: आधी काय शिकवायचं?

भोसरी_जॉबवर्क: छोट्या शॉपमध्ये फानुक कंट्रोलचं टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारं, म्हणजे सीएनसी लेथ) येतंय. दोन टर्नर वीसेक वर्षं लेथवर, हात पक्का, शिक्षण आठवी-नववी. त्यांनाच शिकवावं की आयटीआयची पोरं घ्यावीत? काम ईएन-८ पोलादाच्या शाफ्टचं, बेअरिंग सीट (बेअरिंग बसतो ती जागा) ५० के६.

सेटर_चाकण: त्यांनाच शिकवा, पण पहिल्या दिवशी कोडची यादी हातात देऊ नका. सुरुवात ऑफसेटपासून, म्हणजे टूलच्या जागेत करायच्या दुरुस्तीच्या आकड्यापासून. ५० के६ म्हणजे व्यास ५०.००२ ते ५०.०१८ मिमीच्या आत हवा. जॉब (बनवायचा भाग) ५०.०३० आला, ५०.०१० हवाय, तर वेअरमध्ये (टूलच्या झिजेच्या ऑफसेटमध्ये) एक्सला (व्यासाच्या दिशेला) उणे ०.०२०. ज्यांच्या लेथचा डायल त्रिज्येत कट दाखवतो ते सवयीनं निम्मं, म्हणजे ०.०१० भरतात आणि जॉब ५०.०२० ला अडकतो. सीएनसीवर एक्स व्यासात असतो, हे डोक्यात पक्कं बसवा. दुसरा घोळ बटणांचा. आधीच उणे ०.०५० भरलेलं असताना उणे ०.०२० टाकून नुसतं इनपुट दाबलं, तर जुना आकडा पुसला जातो आणि जॉब ३० मायक्रॉननं वाढतो. तिथे प्लस-इनपुटच हवं, ते जुन्या आकड्यात नवा मिळवतं.

टर्नर_निदेशक: सहमत, तरी एक अप्रेंटिस घ्याच. आयटीआयच्या टर्नर ट्रेडमध्ये आता सीएनसी आहे. कोड पोराला येतो, चिप (कापून निघणारा धातूचा कीस) जुन्याला कळते. रफिंगला (सुरुवातीच्या जाड कटाला) चिपची लांब रिबन चकला (जॉब धरणाऱ्या पकडीला) गुंडाळायला लागली की ती तुटावी म्हणून फीड (एका फेऱ्यात टूल सरकतं ते अंतर) ०.१५ वरून ०.२५ मिमी करायचा, हे पडद्यावर दिसत नाही. फेसिंगचं (जॉबचं टोक सपाट कापण्याचं) मात्र दोघांनाही शिकवा: जी९६ मध्ये (कापण्याचा वेग कायम ठेवणाऱ्या कोडमध्ये) मिनिटाला २०० मीटर स्पीडला ५० व्यासावर साधारण १२७३ आरपीएम येतात, पण टूल मध्याकडे जाईल तसे ते चढत जातात. आधी जी५० एस२००० ची (जास्तीत जास्त २००० आरपीएमची) मर्यादा घातली नाही तर जॉची (चकच्या जबड्यांची) पकड ढिली पडते आणि जॉब उडू शकतो.

सेटर_चाकण: आणि काम कोणतं देणार तेही ठरवा. लोड, सायकल स्टार्ट, अनलोड एवढंच दिलंत तर ते कुणीही आठवड्यात शिकतं, त्याला बाजारात भाव नाही. वीस वर्षांचं कसब मातीत जातं. सेटिंग, पहिल्या जॉबची तपासणी, इन्सर्ट (टूलचा बदलता येणारा कापणारा तुकडा) कधी फिरवायचा हा निर्णय त्यांच्याकडे द्या. पगारही सेटरचाच द्या, नाहीतर शिकून ते दुसरीकडे जातील आणि त्यात त्यांची चूक नसेल.

भोसरी_जॉबवर्क: स्क्रीनवरच्या इंग्रजीला बिचकतात, त्याचं काय?

टर्नर_निदेशक: लागणारे शब्द मोजकेच: वेअर, जॉमेट्री (टूलचं मूळ माप), सिंगल ब्लॉक (प्रोग्रामची एकेक ओळ चालवणं), फीड होल्ड (टूलची चाल थांबवणं), ड्राय रन (न कापता चाचणी). मराठीत लिहून पॅनेलशेजारी चिकटवा. पहिला जॉब कायम सिंगल ब्लॉकवर, रॅपिड (कट नसतानाची जलद चाल) २५ टक्क्यांवर, बोट फीड होल्डवर.