रेस्क्यूमध्ये पगारी माणूस ठेवला तर कायद्याने काय बदलतं?

प्रेषक: म. कु., ब्लॅकटाऊन

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून इथे सिडनीत टाकून दिलेल्या कुत्र्या-मांजरांसाठी रेस्क्यू चालवतो, हे इथे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आजवर सगळं श्रमदानावर चाललं. आता शनिवार-रविवार पिंजरे धुवायला आणि औषधं द्यायला एक मुलगा तासांवर ठेवायचं चाललंय. कमिटीत एक जण म्हणतो, पगार दिला की आपण कंपनी झालो, कुणाला कुत्रं चावलं तर आपली घरं जातील. दुसरा म्हणतो, आपण धर्मादाय काम करतो, आपल्याला कोण विचारणार? यातलं खरं काय ते जाणकारांनी कृपया सांगावं.

---

प्रेषक: अ. दे., पॅरामाटा

ताई,

दोघांचंही बरोबर नाही, पण दुसऱ्याचं म्हणणं जास्त धोक्याचं आहे.

आपल्या राज्याचा, न्यू साउथ वेल्सचा, वर्क हेल्थ अँड सेफ्टी (कामावरच्या सुरक्षिततेचा) कायदा 2011 चा आहे. निव्वळ स्वयंसेवकांची संस्था, जिने कामाला एकही नोकर ठेवलेला नाही, तिला या कायद्यातून वगळलंय. संस्था नोंदणीकृत असली तरी ही सवलत आहे. प्लंबर बोलावला किंवा व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) फी दिली तरी ती जात नाही, कारण ते तुमचे नोकर नव्हेत. पण तासांवर मुलगा ठेवलात की तुम्ही मालक झालात आणि सवलत संपली. मग संस्थेची जबाबदारी त्या एका मुलापुरती राहत नाही. कायद्याच्या लेखी स्वयंसेवकही कामगारच असल्यामुळे पिंजरे धुणाऱ्या काकूंपासून दुसरीकडून कुत्रं घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत सगळे तिच्यात येतात.

घरांची भीती मात्र काढून टाका. कमिटीवर विनामोबदला बसणाऱ्यांवर पदाधिकारी म्हणून कर्तव्यात कसूर केल्याचा खटला भरता येत नाही, तसं कलम 34 मध्ये आहे. काम करताना स्वतःची आणि दुसऱ्याची वाजवी काळजी घेणं मात्र प्रत्येकाला बंधनकारक आहे, तिथे सूट नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यांसाठी 2002 चा सिव्हिल लायबिलिटी कायदा आहे. सद्भावनेने समाजकार्य करणाऱ्या स्वयंसेवकाला तो संरक्षण देतो, पण दारू पिऊन किंवा दिलेल्या सूचना मोडून काम केलं असेल तर नाही. त्यातही काम घडवून आणणारी संस्था जिच्यावर कोर्टात दावा लावता येईल अशी असावी लागते. नुसता व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर आधी नोंदणी करून घ्या.

विमा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पगारी मुलासाठी वर्कर्स कॉम्पेन्सेशनची (कामावर इजा झाल्यास कामगाराला मिळणाऱ्या भरपाईची) व्यवस्था लागेल, पण ती साधारणपणे स्वयंसेवकांना लागू होत नाही. म्हणजे एकाच कुत्र्याने दोघांना चावलं, तर मुलाचा खर्च निघेल आणि काकूंचा निघणार नाही. त्यांच्यासाठी व्यक्तिगत अपघात विमा आणि संस्थेसाठी पब्लिक लायबिलिटी (बाहेरच्या कुणाला इजा झाली तर त्याच्या दाव्याचा विमा), दोन्ही घ्या. मेलबर्नकरांनी हे तसंच्या तसं लावू नये, व्हिक्टोरियाचा कायदा वेगळा आहे.

---

प्रेषक: शु. प., वेंटवर्थविल

ताई, कायद्याचं दादांनी सांगितलंच आहे. मी प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आहे म्हणून रोजचं सांगते. आमच्याकडे लोक कुत्र्याला भितात आणि मांजराचा चावा मनावर घेत नाहीत. मांजराचे दात सुईसारखे असतात, जखम वरून लगेच मिटते आणि जंतू आत कोंडतात. हाताच्या सांध्याजवळ चावलं असेल तर दुसऱ्या दिवशी मूठही वळत नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रात्र जाऊ देऊ नका. घाबरलेलं मांजर कॅरियरच्या दारातून ओढून काढू नका. वरचं झाकण खोला, टॉवेल टाका, टॉवेलसकट उचला.

विणाऱ्या मांजरींपासून क्यू फीवर (प्राण्यांकडून माणसाला होणारा जंतूंचा ताप) होऊ शकतो. 2010 साली सिडनीतच एका प्राण्यांच्या दवाखान्यात मांजरीच्या सिझेरियननंतर माणसांना झाला होता. त्यावर लस आहे, पण आधी रक्ताची आणि त्वचेची तपासणी करावी लागते, म्हणून आत्ताच जीपीशी (आपल्या फॅमिली डॉक्टरशी) बोला. वटवाघळासाठी फोन आला तर रेबीजची लस न घेतलेल्या कुणीही हात लावायचा नाही, हातमोजे घालूनसुद्धा नाही. 1996 मध्ये क्वीन्सलँडमध्ये वटवाघळं सांभाळणाऱ्या एका बाई लिसाव्हायरसने (रेबीजच्या जातीच्या विषाणूने) गेल्या. असा फोन वन्यजीव संस्थेकडे द्यायचा, हे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगा.

---

प्रेषक: म. कु., ब्लॅकटाऊन

दादा, शुभाताई, मनापासून आभार. मुलाला ठेवतोय, पण विम्याची दोन्ही पत्रं हातात आल्यावरच. आमची नोंदणी झालेली आहे. चाव्यांची वही आजपासून सुरू केली: तारीख, कोणता प्राणी, कुठे चावला, डॉक्टर कोण. शुभाताई, येत्या शनिवारी तासभर येऊन टॉवेलची पद्धत सगळ्यांना दाखवाल का? काकूही येतील. त्या आजही मांजर मानगुटीला धरूनच उचलतात आणि आमचं कुणाचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.